घडीपलीकडची रेषा

कलेची चर्चा चालू असता 'खेळ' हा शब्द आपल्याकडे बहुधा दूषण म्हणूनच वापरला जातो. एखाद्या चित्राविषयी 'हा तर पोरखेळ' असे कोणी म्हटले, की त्या चित्राबद्दल अधिक बोलण्याचे प्रयोजनच उरत नाही, अशी आपली समजूत असते. चित्र म्हणजे साधना, चित्र म्हणजे एका माणसाने एकांतात केलेले चिंतन, ही कल्पना आपल्या मनात खोल रुजलेली आहे. म्हणून चार मित्र एका मेजाभोवती बसून, हसतखिदळत, एकाच कागदावर पाळीपाळीने काही रेखाटतात आणि तो कागद पुढे जगातील नामांकित संग्रहालये काचेखाली जपून ठेवतात, हे ऐकून आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या कपाळी आठी पडेल. ती आठी अगदीच निष्कारण आहे असे आम्हांस वाटत नाही. तथापि ज्या खेळाविषयी आम्ही येथे लिहीत आहोत, त्याचे मोल त्याच्याभोवती उभारलेल्या तत्त्वज्ञानावरून न ठरवता प्रत्यक्ष कागदावरून ठरवावे, अशी आमची विनंती आहे. तसे केले असता त्या तत्त्वज्ञानातील बराच भाग गळून पडतो, आणि खेळ मात्र उरतो.

हा खेळ पॅरिसमधील अतिवास्तववादी मंडळींचा. आंद्रे ब्रेतों यांनी १९२४ साली अतिवास्तववादाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला आणि बुद्धीच्या, सौंदर्यविचाराच्या वा नीतीच्या पहाऱ्यावाचून मनाचा व्यापार जसाच्या तसा प्रकट व्हावा, हे आपल्या पंथाचे सूत्र म्हणून सांगितले. पुढील वर्षी, १९२५ च्या सुमारास, मोंपार्नास भागातील शातो रस्त्यावरच्या ५४ क्रमांकाच्या घरात या खेळाने आकार घेतला. ते घर म्हणजे मार्सेल द्युआमेल, कवी जाक प्रेव्हेर आणि चित्रकार ईव्ह तांगी यांचे बिऱ्हाड. मित्रमंडळींचा राबता तेथे असे, आणि संध्याकाळ घालवण्यासाठी जे खेळ चालत त्यांतलाच हा एक. मूळ कल्पनाही नवी नव्हती. कागदावर काही लिहून, तो दुमडून शेजाऱ्याच्या हाती द्यावयाचा, ही करमणूक फ्रान्स व इंग्लंडमधील घराघरांत पूर्वीपासून चालत आलेली होती.

प्रारंभी हा खेळ शब्दांचा होता. पहिल्याने एक नाम लिहून कागद दुमडावयाचा, दुसऱ्याने विशेषण, तिसऱ्याने क्रियापद, त्यापुढे पुन्हा नाम आणि पुन्हा विशेषण. आधीच्याने काय लिहिले हे कोणास ठाऊक नाही. शेवटी कागद उलगडावा तो व्याकरणाने शुद्ध आणि अर्थाने विलक्षण असे एक वाक्य समोर यावे. अशा रीतीने जुळून आलेल्या एका आरंभीच्या वाक्यात शवाला 'एक्सकी' हे विशेषण लाभले होते. त्यावरून खेळाचे नाव पडले 'कादाव्र एक्सकी'. 'एक्सकी' या फ्रेंच शब्दात सौंदर्याबरोबर चवीचाही भाव आहे. म्हणून आम्ही त्याला मराठीत 'रुचिर शव' म्हणू. नाव ऐकून बिचकण्याचे कारण नाही. त्यात स्मशानाचा संबंध नाही. एकमेकांना न ओळखणारे दोन शब्द शेजारी बसले, एवढाच त्याचा अर्थ.

शब्दांवरून खेळ लवकरच चित्राकडे वळला. कागदाच्या आडव्या तीन वा चार घड्या घालावयाच्या. पहिल्याने मस्तक काढावे आणि कागद असा दुमडावा की, काढलेले सारे झाकले जाऊन केवळ मानेच्या रेषांची टोके घडीच्या पलीकडे किंचित डोकावतील. दुसऱ्याने त्या टोकांपासून धड सुरू करावे, तिसऱ्याने कंबर, चौथ्याने पाय. 'ला रेव्होल्युस्यों स्युरेआलिस्त' या त्यांच्या नियतकालिकाच्या ऑक्टोबर १९२७ च्या जोडअंकात अशी काही चित्रे आणि वाक्ये छापली गेली, आणि तोवर दिवाणखान्यापुरता असलेला खेळ जगासमोर आला.

आता या खेळाचे महत्त्व कशात, या प्रश्नाला ब्रेतों यांनी दिलेले उत्तर सर्वश्रुत आहे. १९४८ साली पॅरिसच्या नीना दोसे यांच्या चित्रदालनात रुचिर शवांचे प्रदर्शन भरले, तेव्हा त्यांनी लिहिलेल्या लेखाचा आशय असा की, या कागदांवर जे उमटले ते एकट्या मेंदूतून निघणे शक्यच नव्हते, आणि मनातील टीकाकाराला रजा देण्याचे अचूक साधन या खेळाच्या रूपाने हाती आले. यातील पहिले विधान आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. दुसऱ्याविषयी मात्र शंका घेणे प्राप्त आहे. मनातील टीकाकार रजेवर गेला म्हणून अबोध मन बोलू लागले, असे जर कोणी म्हणेल, तर त्याला आम्ही एवढेच विचारू की, मग घडीची गरज काय? मन मोकळे सोडावयाचे तर कोरा, सपाट कागद पुरेसा होता. घडी ही तर अत्यंत जाणीवपूर्वक घातलेली मर्यादा. किती दाखवावे, किती झाकावे, हे हाताने मोजून ठरवावे लागते. म्हणजे ज्या पंथाने नियमांविरुद्ध बंड पुकारले, त्याची सर्वांत टिकाऊ निर्मिती एका कडक नियमातून जन्मली. हा विरोधाभास लक्षात घेतल्यावाचून या चित्रांचे मर्म उलगडत नाही.

ते मर्म आमच्या मते खुद्द त्या मंडळींतल्याच एका लेखकाच्या शंकेत दडलेले आहे. माक्स मोरीज हे नाव आज फारसे कोणाच्या तोंडी नाही. वर सांगितलेल्या नियतकालिकाच्या डिसेंबर १९२४ च्या पहिल्याच अंकात त्यांनी एक लेख लिहिला आणि अतिवास्तववादी चित्रकला शक्य तरी आहे काय, असा प्रश्न उपस्थित केला. त्यांच्या म्हणण्याचा रोख असा की, शब्द एकामागून एक येतात, त्यामुळे लेखक मनाच्या वेगाबरोबर धावू शकतो. चित्रकाराला मात्र आधी पाहिलेले स्मरणातून आणून कागदावर रचावे लागते, आणि जेथे रचना आली तेथे हिशेबही आला. पुढे एप्रिल १९२५ च्या तिसऱ्या अंकात पिएर नाव्हील यांनी तर अतिवास्तववादी चित्रकला अशी काही वस्तूच नाही, असे ठासून सांगितले. शंका खरी होती. चित्रकार रेषा काढतो, मागे सरून पाहतो, डाव्या बाजूला भार अधिक झाला म्हणून उजवीकडे काही घालतो. हे मागे वळून पाहणे म्हणजेच रचना. त्यापासून त्याची सुटका नाही.

घडीने या शंकेला जे उत्तर दिले ते तर्काचे नव्हते, हाताचे होते. मागे वळून पाहण्याची वाटच तिने बंद केली. दुसऱ्या पाळीच्या चित्रकाराला तोल सांभाळता येत नाही, कारण कशाचा तोल हेच त्याला ठाऊक नाही. त्याच्या हाती रेषांची दोन टोके आहेत, तेवढीच. मनातला टीकाकार तेथे जागाच असतो, डोळे ताणून बसलेला असतो. मात्र त्याला टीका करण्यासाठी समोर काही ठेवलेलेच नाही. आमच्या मते रुचिर शवाचे कलादृष्ट्या खरे वैशिष्ट्य ते हेच. त्यासाठी अबोध मनाचा हवाला देण्याची आवश्यकता नाही.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९२६–२७ मधील एक रेखाटन आहे. त्यावर तांगी, जोआन मिरो, मोरीज आणि मॅन रे या चौघांचे हात फिरलेले आहेत. शाई, शिसपेन्सिल आणि रंगीत पेन्सिली एवढ्यावर काम भागले आहे. कागद सुमारे ३६ सेंटिमीटर उंच आणि २३ रुंद, म्हणजे मांडीवर ठेवून काढता येईल एवढाच. हे चौघे कोण, ते पाहावे. तांगी यांनी चित्रकलेचे शिक्षण कोठेही घेतलेले नव्हते. मिरो कॅटलोनियातून आलेले, बार्सिलोनाच्या कलाशाळेत शिकलेले. मोरीज मुख्यतः लेखक, आणि चित्राच्या शक्यतेविषयी शंका घेणारेही तेच. मॅन रे अमेरिकेत जन्मलेले, छायाचित्रकार म्हणून ख्याती पावलेले. चार देशांच्या नसल्या तरी चार वळणांच्या या हातांनी मिळून एक नग्नाकृती उभी केली आहे. तिचे कान पानांसारखे आहेत, आणि पाय बर्फावर चालण्यासाठी बांधतात तशा जाळीदार पादत्राणांचे.

हे वर्णन वाचून कोणी म्हणेल, यात विशेष काय? पानांचे कान कोणालाही सुचतील. सुचतील खरे, परंतु पानांचे कान आणि जाळीदार पाय हे दोन्ही एकाच माणसाला सुचले असते, तर त्याने त्यांच्यात काहीतरी नाते जोडले असते. वरती झाड आहे, तर खाली मुळे यावीत, असा मोह त्याला झाला असता, आणि चित्र रूपक होऊन बसले असते. येथे कान आणि पाय यांच्यात काहीही ठरलेले नाही. तरीही आकृती उभी आहे, कोसळत नाही. ती कशामुळे उभी आहे? घडीपलीकडे आलेल्या त्या दोन टोकांमुळे. प्रत्येकाने आपल्याआधीच्याची रेषा तेथेच उचलली, जेथे त्याने सोडली होती. भजनात एकाचे चरण संपताच दुसऱ्याने त्याच सुरावर पुढचे उचलावे, तसे हे आहे. फरक इतकाच की, येथे आधीचे चरण कानी पडलेलेच नाहीत, केवळ शेवटचा सूर हाती आलेला आहे.

ब्रेतों आणि पॉल एल्युआर यांनी १९३८ साली सिद्ध केलेल्या अतिवास्तववादाच्या संक्षिप्त कोशात या खेळाची व्याख्या दिलेली आहे. अनेकांनी मिळून वाक्य वा चित्र रचावयाचे, आणि आधीच्या सहकाऱ्यांच्या कामाचा उपयोग कोणालाही करता येऊ नये, असा तिचा भावार्थ. शब्दांच्या खेळापुरती ती पुरेशी आहे. चित्राच्या बाबतीत ती अपुरी पडते. चित्रात आधीच्याचे काहीतरी पोहोचतेच. दोन रेषांच्या टोकांइतके का होईना, पोहोचते. सारा खेळ त्या 'इतके'वर उभा आहे. सर्व दाखवले तर ती सामान्य सहकारी कला होते. काहीच दाखवले नाही तर तीन निरनिराळ्या कागदांचे तुकडे एकाखाली एक चिकटवल्यासारखे होते. अज्ञान आणि अनुसंधान यांचे हे नेमके प्रमाण हीच या कलेची खुबी. कोशकारांनी त्यातील अज्ञान नोंदवले, अनुसंधान नोंदवले नाही. आणि पुढच्या टीकाकारांपैकी पुष्कळांनी कोशकारांचीच री ओढली.

आपल्याकडील समस्यापूर्ती येथे कोणालाही आठवेल. वात्स्यायनाने दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादीत काव्यसमस्यापूरण आहे, म्हणजे खेळातून काव्य ही गोष्ट आपल्याला परकी नाही. परंतु दोहोंतील भेद मूलगामी आहे. समस्यापूर्तीत विसंगत भासणारा चरण कवीसमोर उघडा ठेवलेला असतो आणि त्याला सुसंगत अर्थाच्या कोंदणात बसवणे हे कवीचे कौशल्य. टाळी त्या एकट्या कवीला मिळते. रुचिर शवात विसंगती मिटवावयाची नसते आणि टाळी घेण्यास कोणी एकटा पुढे होऊ शकत नाही. समस्यापूर्ती प्रतिभेची परीक्षा घेते. हा खेळ प्रतिभेच्या मालकीहक्काची परीक्षा घेतो.

मालकीहक्काचा हा मुद्दा थोडा विस्ताराने पाहणे जरूर आहे, कारण याच ठिकाणी हा खेळ नुसता खेळ राहत नाही. अतिवास्तववादी मंडळ हे पुरुषांचे मंडळ होते, असे म्हणण्यास पुष्कळ आधार आहे. जाहीरनामे पुरुषांनी लिहिले, बहिष्कार पुरुषांनी पुकारले. स्त्री त्यांच्या कवितेत वारंवार आली ती बहुशः प्रतिमा म्हणून. परंतु या कागदांवर सिमोन कान येते, व्हालांतीन ह्युगो येते, नुश एल्युआर, ग्रेटा क्नुटसन, जाकलीन लांबा या येतात, आणि प्रत्येकीच्या वाट्याला कागदाची तेवढीच पट्टी येते जेवढी ब्रेतों यांच्या वाट्याला. घडीला कीर्ती कळत नाही. कवीची पत्नी आणि पंथाचा प्रणेता यांच्यामध्ये ती भेद करीत नाही. जे जाहीरनाम्यांना साधले नाही ते एका दुमडलेल्या कागदाला साधले, असे आम्ही म्हटले तर ती अतिशयोक्ती होऊ नये.

मात्र कागदाबाहेर काय घडले तेही सांगितले पाहिजे. डिसेंबर १९२९ मध्ये ब्रेतों यांनी दुसरा जाहीरनामा प्रसिद्ध केला आणि त्यात जुन्या सोबत्यांपैकी अनेकांवर कठोर शब्दांत प्रहार केले. त्याला उत्तर म्हणून जानेवारी १९३० मध्ये एक पत्रक निघाले. त्याचे नाव होते 'शव'. त्यावर ब्रेतों यांचे मिटल्या डोळ्यांचे छायाचित्र छापलेले होते आणि मस्तकावर काट्यांचा मुकुट दाखवला होता. नाव उसने होते. १९२४ साली आनातोल फ्रांस यांच्या निधनानंतर याच मंडळींनी त्या दिवंगत लेखकाविरुद्ध याच नावाचे पत्रक काढले होते. नव्या 'शवा'त लिहिणारांत रोबेर देस्नो, रेमों केनो, जॉर्ज बाताय यांच्यासमवेत प्रेव्हेर होते आणि मोरीजही होते. ज्याच्या घरात रुचिर शव जन्मले तो, आणि ज्याने त्याची तिसरी पट्टी रंगवली तो, दोघेही आता आपल्या मित्राला जिवंतपणी शव म्हणत होते. कागदावर चार वर्षे एकमेकांची न पाहिलेली रेषा विश्वासाने उचलणाऱ्या माणसांना परस्परांची उघड पाहिलेली मते मात्र सोसवली नाहीत. यावरून खेळ खोटा ठरतो काय? आम्हांस तसे वाटत नाही. यावरून इतकेच ठरते की, खेळातील सद्भाव हा खेळणाऱ्यांच्या स्वभावाचा गुण नव्हता. तो नियमाचा गुण होता. नियम होता तोवर तो टिकला.

येथवर आम्ही या खेळाची बाजू घेतली. आता त्याचे वैगुण्य. या मंडळींनी १९३० नंतर काळ्या कागदावर रंगीत खडूंनी काही रुचिर शवे काढली. व्हालांतीन ह्युगो, ब्रेतों, त्रिस्तान झारा आणि ग्रेटा क्नुटसन यांनी १९३३ च्या सुमारास काढलेले एक निसर्गदृश्य न्यूयॉर्कच्या त्याच संग्रहालयात आहे. काळ्या पार्श्वभूमीवर रंग रत्नांसारखे उठून दिसतात, आणि नुसत्या सौंदर्याचा विचार केला तर आधीच्या पेन्सिलीच्या कागदांहून ही चित्रे डोळ्याला अधिक गोड वाटतात. परंतु गोडव्याबरोबर धार गेली. खेळणारांना एकमेकांच्या सवयी ठाऊक झाल्या. कोणापुढे काय ठेवले असता तो काय करील, याचा अंदाज बसला. निसर्गदृश्य घेतल्याने तर आणखी एक आधार सुटला. मनुष्याकृतीत मस्तक, धड, पाय हा क्रम प्रत्येकाच्या मनात पक्का असतो, आणि म्हणूनच त्याचा भंग झाला की धक्का बसतो. निसर्गदृश्यात डोंगराखाली काय यावे याचा असा कोणताच निर्बंध नाही. मग भंग कशाचा होणार? जेथे मोडण्यासारखी चौकट नाही तेथे मोडतोडीलाही अर्थ उरत नाही.

दुसरे वैगुण्य कात्रीचे. ब्रेतों, लांबा आणि तांगी यांनी ९ फेब्रुवारी १९३८ रोजी केलेले एक रुचिर शव स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहात आहे. ते रेखाटलेले नाही. छापील चित्रांतून कापलेले तुकडे चिकटवून केलेले आहे. कल्पकता त्यात आहे, विनोदही आहे. तथापि येथे रेषा घडी ओलांडत नाही. तुकड्याशेजारी तुकडा येतो. रेखाटनात तुमच्या हाताचा कंप माझ्या हातात उतरतो. कातरणात तुमच्या निवडीशेजारी माझी निवड उभी राहते. पहिले सहवास आहे, दुसरे शेजार. आमचा कल कोणीकडे आहे हे सांगावयास नकोच.

यानंतर या मंडळींच्या खेळांचा इतिहास मार्सेय बंदरात येतो, आणि तेथे परिस्थितीच अशी होती की 'खेळ' या शब्दाचा अर्थ पालटावा. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला. नाझी सत्तेला नकोशा झालेल्या लेखक-कलावंतांना बाहेर काढण्यासाठी न्यूयॉर्कमधील एका साहाय्यक समितीने व्हॅरियन फ्राय या तरुण अमेरिकनाला मार्सेयला पाठवले. शहराबाहेरच्या 'एर-बेल' नावाच्या एका जुन्या हवेलीत ब्रेतों, लांबा आणि इतर काही जण परवान्यांची वाट पाहत राहिले. रविवारी आसपास अडकलेले चित्रकार तेथे जमत. अन्न अपुरे, थंडी कडक, पोलिसांची नजर सदैव पाठीवर. अशा स्थितीत ही माणसे काय करीत होती, तर कागद दुमडून शवे काढीत होती, आणि पत्त्यांचा एक नवा जोड रचीत होती.

तो जोड 'मार्सेयचा डाव' म्हणून ओळखला जातो. राजा, राणी, गुलाम यांना त्यांनी पदच्युत केले आणि त्यांच्या जागी प्रज्ञावंत, जलपरी आणि मांत्रिक यांना बसवले. चार रंगांच्या जागी चार तत्त्वे आली: प्रीतीची ज्वाळा, स्वप्नाचा काळा तारा, क्रांतीचे रक्ताळलेले चाक आणि ज्ञानाचे कुलूपछिद्र. प्रत्येक रंगाचा एक्का व तीन चित्रे धरून सोळा पाने. आणि ब्राउनर, दोमिंगेझ, एर्न्स्ट, एरोल्ड, लाम, लांबा, मासों व स्वतः ब्रेतों अशा आठ जणांत ती प्रत्येकी दोन याप्रमाणे वाटली गेली. पानांवर बोदलेर आले, नोव्हालिस आले, हेगेल आणि फ्रॉइड आले, नवलनगरीतली ॲलिस आली, मेक्सिकोचा बंडखोर पांचो व्हिला आला. दुसऱ्या जाहीरनाम्यात ज्यांच्यावर टीका झाली होती ते मासों आता पुन्हा त्याच मेजावर बसलेले होते, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. मार्च १९४१ मध्ये ब्रेतों कुटुंबासह मार्तिनीककडे जाणाऱ्या जहाजावर चढले. ती मूळ चित्रे आता मार्सेयच्याच कांतिनी संग्रहालयात आहेत.

कलाकृती म्हणून हा पत्त्यांचा जोड रुचिर शवांच्या तोलाचा नाही, हे आम्हांस प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. त्यात प्रत्येकाचे पान स्वतंत्र आहे. एकाची रेषा दुसऱ्याच्या पानात जात नाही. विद्वत्तेचा भार त्यावर अधिक आहे, आणि कोणत्या पानावर कोण हे सांगितल्यावाचून कळत नाही. परंतु कोणी जर विचारील की, देश बुडत असताना या माणसांनी पत्ते रंगवावे हे शोभते काय, तर आमचे उत्तर होकारार्थी राहील. ज्यांची घरे गेली, नागरिकत्व गेले, उद्याचा भरवसा गेला, त्यांच्याकडून हिरावता येण्यासारखे अजून एक उरले होते: एकत्र बसून, नियम पाळून, काहीतरी करण्याची शक्ती. ती त्यांनी सोडली नाही. राजसत्तेची चिन्हे कागदावरून पुसण्याचा अधिकार त्यांनी त्या काळात गाजवला, जेव्हा त्यांच्या स्वतःच्या नावापुढे परवानगीचा शिक्का मारावा की नाही हे परके अधिकारी ठरवीत होते. खेळ हा येथे पळवाट नव्हता, तो धीर होता.

आज ही सारी चित्रे संग्रहालयांत आहेत. जाहीरनाम्याच्या शताब्दीनिमित्त २०२४ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात अतिवास्तववादाचे मोठे प्रदर्शन भरले आणि या पंथाकडे जगाचे लक्ष पुन्हा वेधले गेले. ते योग्यच झाले. तरी संग्रहालयाची रीत आणि या कागदाचा स्वभाव यांत एक तंटा आहे, तो मिटण्यासारखा नाही. संग्रहालय कागद पूर्ण उलगडून ठेवते आणि खाली पाटी लावते: वरचे अमक्याचे, मधले तमक्याचे. प्रेक्षक प्रथम पाटी वाचतो, मग मिरो यांची पट्टी शोधतो, ती सापडली की समाधानाने पुढे जातो. ज्या चित्राने 'हे कोणाचे' हा प्रश्नच निकालात काढला होता, त्याला पुन्हा तोच प्रश्न विचारला जातो, आणि ज्यांची नावे मोठी नाहीत त्यांच्या पट्ट्या डोळ्यांखालून निसटतात. मोरीज यांची पट्टी त्यांतलीच. वास्तविक ती नसती तर मिरो यांचे धड आणि मॅन रे यांचे पाय यांच्यामध्ये नुसती हवा राहिली असती.

म्हणून आमची वाचकांना एक सूचना आहे. अशा चित्राची छापील प्रत कधी हाती आली, तर ती एकदम पाहू नये. त्यावर एक कोरा कागद ठेवावा आणि तो वरून खाली हळूहळू सरकवीत प्रत्येक घडीपाशी थांबावे. वरून आलेल्या दोन रेषा पाहाव्या, पुढे आपण काय काढले असते ते मनाशी ठरवावे, आणि मगच कागद सरकवावा. प्रत्येक वेळी आपला अंदाज चुकेल, आणि प्रत्येक वेळी ध्यानात येईल की, चुकला तरी रेषा तुटलेली नाही. या चित्रांतून मिळावयाचा आनंद तो हाच.

सारांश, रुचिर शव हा अबोध मनाचा साक्षात्कार होता, हे मत आम्ही स्वीकारीत नाही. तो निव्वळ पोरखेळ होता, हे तर त्याहून स्वीकारीत नाही. ज्याचे काम आपल्याला दिसत नाही त्याचे काम आपण कसे पुढे न्यावे, या प्रश्नाला चार माणसांनी एका कागदावर दिलेले ते उत्तर होते. मनुष्याची बरीचशी कामे याच जातीची असतात. आपल्या आधीच्यांनी काय काढले ते घडीआड गेलेले असते, आपल्यानंतरचे काय काढतील ते आपल्याला दिसावयाचे नसते. हाती असतात ती दोन रेषांची टोके. ती नेमक्या त्याच ठिकाणी उचलावी आणि आपली पट्टी मनःपूर्वक पुरी करावी, आणि पुढच्यासाठी घडीपलीकडे थोडी रेषा सोडावी. मोरीज यांनी आपल्या पट्टीत एवढेच केले. ते लहान काम नव्हे.